रिचर्ड हेक: पॅलॅडियमवरचं काम आणि १९८९ ची निवृत्ती

डेलावेअर विद्यापीठातून रिचर्ड हेक १९८९ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. संशोधनाला मिळणारा निधी आटला होता. पत्नी सोकोरो मूळच्या फिलिपिन्सच्या. दोघं आधी फ्लोरिडात राहिले, नंतर मनिलाला लागून असलेल्या केझॉन सिटीत स्थायिक झाले. ६ ऑक्टोबर २०१० रोजी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्यात एइइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांच्याबरोबर हेक यांचं नाव होतं. त्यांचं वय तेव्हा ७९. पुरस्कार पॅलॅडियम या धातूच्या साहाय्याने कार्बन-कार्बन बंध जोडण्याच्या पद्धतींसाठी होता, आणि त्यातलं हेक यांचं मुख्य काम १९६८ ते १९७५ या काळातलं.

म्हणजे १९८९ मध्ये निधीचे निर्णय घेणाऱ्यांसमोर जे काम होतं, तेच २०१० मध्ये नोबेल समितीसमोर होतं. मधल्या २१ वर्षांत हेक यांनी प्रयोगशाळेतून त्यात काही भर घातली नव्हती. संशोधनाची कारकीर्द कशी घडते, कशावर उभी राहते आणि कुठे अडते, हे पाहण्यासाठी ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणजे धातू-कार्बन बंधांच्या रसायनशास्त्रात याहून बोलकं प्रकरण मला माहीत नाही. एम.एस्सी. ऑर्गॅनिकच्या वर्गात आपण हेक अभिक्रिया (दुहेरी बंध असलेल्या संयुगाला पॅलॅडियमच्या मदतीने नवा कार्बन गट जोडणारी) फळ्यावरच्या एका चक्रात शिकतो आणि नेट-सेटच्या प्रश्नांसाठी पाठ करतो. ते चक्र कोणत्या क्रमाने, कुठल्या नोकरीत आणि कुणाच्या मुभेमुळे सापडलं, याची चर्चा वर्गात होत नाही. ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पाया: मधे काय घडतं हे विचारण्याची सवय

हेक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३१ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा. आठ वर्षांचे असताना कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. पदवी आणि पीएच.डी. दोन्ही तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून. १९५४ मध्ये पीएच.डी. झाली ती सॉल विन्स्टाइन यांच्याकडे. त्यानंतर झुरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडे पोस्टडॉक.

विन्स्टाइन यांचं नाव घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. अभिक्रिया सुरू होते त्या पदार्थापासून संपते त्या पदार्थापर्यंतच्या वाटेवर क्षणभर काय तयार होतं, शेजारचा गट त्यात कसा हात घालतो, वेग कशाने बदलतो, हे विन्स्टाइन यांच्या गटाचं काम. तिथे विद्यार्थी उत्पादन किती टक्के मिळालं यावर थांबत नसे. एका यंत्रणेची, म्हणजे अभिक्रियेतल्या पायऱ्यांच्या क्रमाची, कल्पना मांडायची, ती खोटी ठरवू शकेल असा प्रयोग करायचा आणि मग पुढे जायचं, ही शिस्त हेक तिथे शिकले. त्यात धातू कुठेच नव्हते. धातू आले ते नोकरीत.

हर्क्युलिस कंपनी: मिळालेली मुभा

डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनची हर्क्युलिस पावडर कंपनी १९१२ साली जन्माला आली. मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर ड्यू पाँ कंपनीचे भाग पाडले गेले, त्यातून ती निघाली. मूळ धंदा स्फोटकांचा. १९५० च्या दशकात कंपनी प्लास्टिककडे वळत होती, आणि झिगलर यांच्या उत्प्रेरकांमुळे संक्रमण धातूंच्या रसायनशास्त्राकडे तिचं लक्ष गेलं होतं. तिथले डेव्हिड ब्रेस्लो हे या विषयातले जाणते संशोधक. हेक नोकरीला लागले आणि त्यांना संक्रमण धातूंवर काम करायला सांगण्यात आलं, अमुक एक माल तयार करून द्या असं नव्हे. आजच्या कॉर्पोरेट संशोधन विभागात असं काम मिळणं फार कठीण आहे.

पहिला विषय कोबाल्ट. अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग), कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून अल्डिहाइड बनवण्याची हायड्रोफॉर्मिलेशन प्रक्रिया जर्मनीत ओटो रोलेन यांनी १९३८ मध्ये शोधली होती. कारखाने ती वापरतही होते, पण आत काय चालतं याचं नीट चित्र नव्हतं. हेक आणि ब्रेस्लो यांनी १९६० च्या सुमारास पायऱ्या मांडल्या. कोबाल्टवरचा एक कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्या रिकाम्या जागी अल्कीन येऊन बसतं, मग ते कोबाल्ट-हायड्रोजन बंधाच्या मधे शिरतं, त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड कोबाल्ट-कार्बन बंधाच्या मधे शिरतो, आणि शेवटी हायड्रोजनमुळे अल्डिहाइड सुटून उत्प्रेरक पुन्हा मोकळा होतो. मधली असिल-कोबाल्ट संयुगं टिकाऊ नसतात. ट्रायफिनाइलफॉस्फीन हे फॉस्फरसचं संयुग घालून त्यांनी ती स्थिर रूपात पकडली. ही यंत्रणा आजही हेक-ब्रेस्लो यंत्रणा म्हणूनच शिकवली जाते.

पॅलॅडियमच्या चक्रातली जी पायरी वर्गात सर्वांत महत्त्वाची म्हणून सांगितली जाते, म्हणजे धातू-कार्बन बंधात अल्कीनचं शिरणं, तिच्या जवळची गोष्ट हेक यांनी आधी कोबाल्टवर पाहिली होती. पॅलॅडियमकडे येताना त्यांना कशाचा शोध घ्यायचा आहे हे ठाऊक होतं.

१९६८: एकट्याच्या नावावरचे सात शोधनिबंध

१९५९ मध्ये वाकर कंपनीत एथिलीनपासून अॅसिटाल्डिहाइड बनवणारी पॅलॅडियमची प्रक्रिया पुढे आली, आणि उद्योगातल्या रसायनशास्त्रज्ञांचं लक्ष या महागड्या धातूकडे वळलं. हर्क्युलिसमध्येही त्यावर काम सुरू झालं.

हेक यांचा विचार असा होता. वाकर प्रक्रियेत पॅलॅडियमला जोडलेल्या अल्कीनवर पाणी येऊन जोडलं जातं. तिथे पाण्याऐवजी कार्बनचा गट आणता येईल का? त्यासाठी आधी पॅलॅडियमवर कार्बन बसवायला हवा. अडचण ही की पॅलॅडियमवर साधा अल्किल गट बसवला तर तो टिकत नाही. धातूपासून दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन असला की पॅलॅडियम तो उचलतो, अल्कीन सुटून जातं आणि सगळं मोडतं. याला बीटा-हायड्राइड एलिमिनेशन म्हणतात. मग ज्याच्यात असा सहज उचलता येणारा हायड्रोजनच नाही असा गट घ्यायचा: फिनाइल किंवा मिथाइल. तो अल्कीनमध्ये शिरेपर्यंत टिकेल. शिरल्यानंतर मात्र नव्या साखळीवर बीटा-हायड्रोजन असेल, आणि तो निघून गेला की हवं ते अल्कीन बाहेर पडेल.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हेक यांच्या बुद्धीचं सार या एका निवडीत आहे. जी पायरी बाकीच्यांना संयुग मोडणारी कटकट वाटत होती, तिलाच त्यांनी शेवटची उपयुक्त पायरी केली. सुरुवातीला ती होऊ द्यायची नाही, शेवटी होऊ द्यायची. यंत्रणा नीट कळलेली असल्याशिवाय असं सुचत नाही. नुसते पन्नास धातू आणि पन्नास द्रावकं घालून बघणाऱ्याच्या हाती कदाचित उत्पादन लागलं असतं, पण पुढची चार पावलं लागली नसती.

फिनाइल गट पॅलॅडियमवर आणण्यासाठी त्यांनी फिनाइलमर्क्युरी संयुगं वापरली. पॅलॅडियमचा क्षार, फिनाइलमर्क्युरिक क्लोराइड आणि एथिलीन एकत्र आले की स्टायरीन मिळे, तेही साध्या तापमानाला. हवा आणि ओलावा यांचा फारसा त्रास नाही. ग्रिन्यार अभिकर्मकाला जे गट चालत नाहीत, एस्टर, नायट्रो, अल्डिहाइड, तेही इथे टिकत. क्युप्रिक क्लोराइड घातलं की वापरलेलं पॅलॅडियम पुन्हा ऑक्सिडाइज होऊन कामाला लागे, त्यामुळे ते थोडं घेतलं तरी भागे. १९६८ मध्ये जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटीच्या एकाच अंकात या विषयावरचे सात निबंध ओळीने छापून आले. सातही एकट्या हेक यांच्या नावावर.

उद्योगात नोकरी करणाऱ्या माणसाला हे सगळं प्रसिद्ध करता आलं, हेही नोंदवायला हवं. कंपनीने ते गुपित म्हणून कपाटात ठेवलं असतं तर या क्षेत्राचा इतिहास वेगळा झाला असता.

१९७१-७२: पारा गेला, आणि मिझोरोकी यांचा प्रश्न

पाऱ्याची संयुगं विषारी. मोठ्या प्रमाणावर कुणी ती वापरणार नव्हतं. १९७१ मध्ये हेक हर्क्युलिस सोडून जवळच्याच डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि पाऱ्याला पर्याय शोधला. शून्य संयुजेचं (म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेलं) पॅलॅडियम आयोडोबेंझीनच्या कार्बन-आयोडीन बंधात थेट शिरतं हे तोवर इतरांनी दाखवलं होतं. मग फिनाइल-पॅलॅडियम तिथूनच मिळवता येईल. १९७२ मध्ये नॉली या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आयोडोबेंझीन, स्टायरीन, थोडं पॅलॅडियम ॲसिटेट आणि आम्ल शोषून घ्यायला ट्रायब्युटिलअमाइन एकत्र करून सुमारे १०० अंश सेल्सिअसला स्टिल्बीन मिळवलं. वेगळा ऑक्सिडंट लागेना, कारण शेवटी पॅलॅडियम आपोआप शून्य संयुजेला परत येतं. अमाइनने आम्ल उचललं की चक्र पूर्ण.

पण त्याच्या आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या त्सुतोमु मिझोरोकी यांनी मोरी आणि ओझाकी यांच्यासह जपानी केमिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये जवळपास हेच प्रसिद्ध केलं होतं: आयोडोबेंझीन, पॅलॅडियम क्लोराइड, पोटॅशियम ॲसिटेट, मिथेनॉल, बंद भांड्यात १२० अंश. हेक यांनी आपल्या निबंधात त्यांचा उल्लेख केला आहे. दोघांनी स्वतंत्रपणे हे केलं यात शंका नाही. मिझोरोकी पुढे या विषयात फार काम करू शकले नाहीत. तरुण वयातच कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

श्रेय कुणाचं? हॅलाइडची (आयोडोबेंझीनसारख्या संयुगाची) ही विशिष्ट कृती आधी छापली मिझोरोकी यांनी. त्या कृतीमागची कल्पना, म्हणजे अॅरिल-पॅलॅडियमचं (फिनाइलसारखा गट बसलेल्या पॅलॅडियमचं) अल्कीनमध्ये शिरणं आणि मग हायड्राइडचं निघणं, हेक यांनी १९६८ पासून उभी केली होती. फुजिवारा आणि मोरितानी यांचं १९६७ चं काम, ज्यात बेंझीनवरून थेट हायड्रोजन काढून अल्कीन जोडलं जातं, तेही याच कुळातलं. मी वर्गात मिझोरोकी-हेक अभिक्रिया असंच म्हणतो आणि विद्यार्थ्यांनीही तसंच लिहावं असा आग्रह धरतो. त्याने हेक यांचं काही कमी होत नाही.

१९७४-७५: उपयोगी करण्याची वर्षं

आयोडाइड महाग असतात. ब्रोमाइड स्वस्त, पण पॅलॅडियम त्यांच्याशी आळसाने वागतं आणि काळ्या चुऱ्याच्या रूपात तळाशी बसतं. १९७४ मध्ये डीक या विद्यार्थ्याबरोबर हेक यांनी ट्रायअॅरिलफॉस्फीन वापरून ब्रोमाइडही कामाला लावले. त्याच वर्षी त्यांच्या गटाने अॅरिल हॅलाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासून एस्टर बनवण्याची पद्धत दिली. १९७५ मध्ये टोकाच्या अल्काइनची (तिहेरी बंध असलेल्या संयुगाची) अॅरिल हॅलाइडशी जोडणी दाखवली. तीच जोडणी त्याच वर्षी इटलीतल्या कासार यांनी आणि तांब्याच्या मदतीने सोनोगाशिरा यांनी स्वतंत्रपणे केली. सोनोगाशिरांची कृती साध्या तापमानाला होत असल्याने नाव त्यांचं टिकलं, आणि ते योग्यच आहे.

कारखान्यात हे कुठे दिसतं? नॅप्रोक्सेन या वेदनाशामक औषधाचा एक औद्योगिक मार्ग अल्बेमार्ल कंपनीने विकसित केला. त्यात ब्रोमो-मेथॉक्सीनॅफ्थॅलीनवर आधी एथिलीन जोडतात, मग पॅलॅडियमनेच कार्बन मोनॉक्साइड घालतात. पहिली पायरी थेट हेक यांची. दुसरीतही पॅलॅडियम-कार्बन बंधात कार्बन मोनॉक्साइडचं तेच शिरणं आहे, जे त्यांनी कोबाल्टच्या दिवसांपासून अभ्यासलं होतं. सीबा-गायगीने प्रोसल्फ्युरॉन हे तणनाशक बनवताना डायअॅझोनियम क्षारावर हीच अभिक्रिया केली, आणि नंतर त्याच भांड्यात कोळसा घालून पॅलॅडियम त्यावर बसवलं, मग त्याच पॅलॅडियमने हायड्रोजनेशन करून घेतलं. एकदा घातलेला धातू दोन पायऱ्यांना पुरवायचा आणि शेवटी गाळून परत घ्यायचा! प्रोसेस केमिस्ट्रीत याहून नेटकी गोष्ट मी क्वचित पाहिली आहे.

तारापूर, पाताळगंगा किंवा कुरकुंभच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना पॅलॅडियमची दुसरी बाजू चांगली माहीत असते. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलॅडियम पोटात जाता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. त्यामुळे जोडणी छान झाली तरी पुढे चारकोल ट्रीटमेंट, स्कॅव्हेंजर (उरलेला धातू शोषून घेणारा पदार्थ), पुन्हा क्रिस्टलायझेशन, आणि प्रत्येक बॅचच्या धातूचा हिशेब. हेक यांच्या १९७२ च्या कृतीत हा विचार नव्हता, असायचं कारणही नव्हतं.

मग निधी का आटला?

या प्रकरणातला हा सर्वांत अवघड भाग आहे. सोपं उत्तर असं की मूल्यमापन करणारे आंधळे होते. मला ते पुरेसं वाटत नाही.

हेक यांच्या बाजूने बोलायचं तर १९७२ ते १९८० च्या काळात नैसर्गिक संयुगांचं संश्लेषण करणाऱ्यांनी ही अभिक्रिया फारशी हातात घेतली नव्हती. पॅलॅडियम महाग, प्रयोग कधी चालतो कधी नाही, आणि तरुण रसायनशास्त्रज्ञांना ऑर्गॅनोमेटॅलिकची भाषा परकी. हेक स्वतः संश्लेषणात रमणारे नव्हते. एखादा अवघड अल्कलॉइड बनवून त्यात आपली पायरी मिरवावी, असा त्यांचा पिंड नव्हता. ते एक सार्वत्रिक साधन बनवून देत होते, आणि ते वापरणारे अजून आले नव्हते. अनुदानाच्या दोन-तीन वर्षांच्या चक्रात अशा साधनाची किंमत कळत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. १९८० च्या दशकात हेक यांच्या गटाचे निबंध येत राहिले, अल्काइन आणि अॅरिल-पॅलॅडियम यांच्या अभिक्रियांवरचे चांगले निबंध, पण विषयाची नवी दालनं दुसरे उघडत होते. एकाच रेणूच्या आत ही अभिक्रिया घडवून इंडोल बनवण्याचं काम मोरी आणि बान यांनी १९७७ मध्ये केलं होतं. नेगिशींनी जस्त, स्टिल यांनी कथील आणि सुझुकींनी बोरॉन घेऊन पॅलॅडियमला भलत्याच दिशेने नेलं होतं. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या डाव्या-उजव्या रूपांतलं नेमकं एकच रूप देणारी हेक अभिक्रिया शिबासाकी आणि ओव्हरमन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली ती १९८९ मध्येच. म्हणजे हेक ज्या वर्षी प्रयोगशाळा बंद करत होते, त्याच वर्षी त्यांची अभिक्रिया मोठ्या संश्लेषणांच्या दारात पोचली. त्यानंतरच्या दशकात तिचा वापर झपाट्याने वाढला. (जॉन स्टिल त्याच वर्षी जुलैमध्ये आयोवातल्या विमान अपघातात गेले. त्या वर्षाने या विषयाकडून एकदम दोन माणसं नेली असं मला नेहमी वाटतं.)

तेव्हा निधी देणाऱ्या समितीचा निर्णय कागदावर समजण्यासारखा होता, असं मी म्हणेन. अर्जदाराचं मोठं काम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं, ताजं काम त्याचाच विस्तार, आणि स्पर्धक पुढे गेलेले. असा अर्ज आजही कुठल्याही समितीत मागे पडेल. चूक मला निकषात दिसते. यंत्रणेवर काम करणाऱ्या माणसाला नव्या अभिक्रियांच्या संख्येवर तोललं गेलं.

त्या समितीला विचारण्यासारखा एक प्रश्न तेव्हा उघडा पडलेला होता. सगळे जण चंचूपात्रात पॅलॅडियम ॲसिटेट टाकत होते, म्हणजे दोन संयुजेचं पॅलॅडियम, आणि चक्र तर शून्य संयुजेपासून सुरू होतं. ते शून्यावर कोण आणतं? अमाइन, अल्कीन की फॉस्फीन? यावर अंदाज होते, मोजमाप नव्हतं. फॉस्फीन कुठल्या प्रमाणात घालायचं, जास्त घातलं तर वेग का मंदावतो, हे सगळं या उत्तरावर अवलंबून होतं. पॅरिसमध्ये क्रिस्तियां आमातोर आणि अनी ज्युतां यांनी विद्युत-रासायनिक पद्धतीने ते मोजलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की ट्रायफिनाइलफॉस्फीन स्वतः फॉस्फीन ऑक्साइड होऊन पॅलॅडियमला शून्यावर आणतं. विन्स्टाइन यांच्याकडे वेग मोजायला शिकलेला आणि कोबाल्टवरची मधली संयुगं फॉस्फीनने पकडून दाखवलेला माणूस १९८० च्या दशकात डेलावेअरमध्ये बसलेला होता. त्याला या एका प्रश्नासाठी तीन वर्षांचे पैसे द्यायला मी बिनतक्रार सही केली असती.